वहिनी पेटी भरते तेव्हा

माझी वहिनी झुरळाला भीत नाही, अंधाराला भीत नाही, मला तर अजिबातच नाही. ती भिते रस्ता संपतो तिथून पुढच्या वाटेला. आणि धंदा म्हणाल तर त्याच वाटेने जाणाऱ्या गाड्यांसाठी दुरुस्तीच्या हत्यारांच्या पेट्या भरायचा! दादा तापानं गेला, घरात, स्वतःच्या अंथरुणात. तरी हिचं भय सगळं बाहेरच्या वाटेचं. दादामागे गॅरेज तिनंच चालवलं. दगडधोंड्यांतून, ओढ्यांतून गाडी काढणारे ड्रायव्हर आजही तिच्याच हातची पेटी मागतात, कारण भीतीपोटी ती काही म्हणजे काही विसरत नाही.

पेटी भरताना ती पुटपुटते. "आता चाक फाटलं," म्हणत पंक्चरचं सामान ठेवते. "आता टाकीला दगड लागला," म्हणत साबणाची वडी ठेवते. गळक्या भोकावर साबण रगडला की गाडी कशीबशी घर गाठते. "आता रुतली," म्हणत ओढायचा पट्टा. प्रत्येक हत्याराला चिंधी गुंडाळायची, म्हणजे वाटेत खडखड नको. मी चिडवायचे, "वहिनी, तू गाडीला निरोप देतेस की शाप?" त्यावर ती म्हणायची, "वन्सं, तोंडाला जरा कुलूप घाला."

त्या सकाळी मात्र पेटी भाचीसाठी, तिच्या स्वतःच्या लेकीसाठी होती. डोंगरमाथ्यावरच्या विजेच्या टॉवरच्या दुरुस्तीला माणसं नेऊन सोडायची, मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन परतायचं, असं काम तिला मिळालं होतं. पोरीचे पाय जमिनीवर नव्हते. वहिनीनं अट घातली, "एवढंसं जरी काही झालं, तर पुन्हा त्या वाटेला जायचं नाही." भाची हो म्हणाली. त्या वयात माणूस कशालाही हो म्हणतं.

वहिनीनं जॅक उचलला, तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. जॅक लागला म्हणजे पोरगी चाकाशी वाकलेली, वर गाडीचं धूड आणि खाली भुसभुशीत माती. तिनं जॅक ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. मग पान्हे दुप्पट घातले, दोन हातोड्या, तारेचं वेटोळं, वर आणखी एक पट्टा. पेटीचं झाकण बसेना.

"अगं आई, मी माणसं न्यायला चाललेय की गॅरेज उघडायला?"

"असू दे. असलेलं बरं."

"एवढं ओझं चढावर गाडीला मागे खेचेल. आणि गाडी कलंडली तर हीच पेटी माझ्या डोक्यात बसेल."

वहिनी पांढरीफटक पडली. पोरीचं बरोबर होतं, आणि हे शिकवलंही तिनंच होतं. तिनं जास्तीचं सगळं काढलं, पेटी सीटमागे आवळून बांधली, गाठ ओढून पाहिली, मग पुन्हा ओढून पाहिली. गाडी फाटकाबाहेर पडली तरी ती तिथंच उभी.

दुसऱ्या दिवशी दुपार टळली तरी गाडीचा पत्ता नाही. वर रेंज नसते हे ठाऊक असूनही मी फोन लावत राहिले. वहिनी फाटक सोडेना, जेवायला येईना. मला भीती वाटत होती, आणि ती तिला दिसू नये म्हणून मी उगाच भांडी घासत बसले.

ऊन कलता कलता गाडी आली. भाची उतरली ती हसतच. "उशीर झाला गं. वर चहा पीत, गप्पा मारत बसलो. काही झालं नाही."

ड्रायव्हर काय सांगतो ते वहिनी कधी ऐकत नाही, हत्यारं बघते. तिनं पेटी उतरवून उघडली. चाकाचा पान्हा चिंधीविनाच फेकलेला. जॅकचा दांडा वाकलेला, आणि त्याच्या बुडाला एकाच बाजूनं मातीचा जाड थर. गाडी वर उचललेली असताना जॅक कलला होता.

तिनं भाचीचे दोन्ही हात धरले, उलटेसुलटे केले, बोटं चाचपली.

"निसटला?"

पोरीचं हसू मावळलं. "हात बाहेर घेतला आणि गाडी खाली बसली. आई, मी नाही जाणार परत. तुझंच खरं होतं. कधीच नाही जाणार."

हेच ऐकायला वहिनी आसुसली होती. मला वाटलं, आता पोरीला पोटाशी धरेल आणि विषय मिटेल. मी असते तर तेच केलं असतं. पण ती पोरीकडे बघतच राहिली. फाटकाकडे पाठ करून, खांदे आवळून, पदर नाही म्हणून ओढणीचं टोक मुठीत धरून भाची उभी होती, हुबेहूब आईसारखी. वहिनीला इतकं घाबरलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

ती गॅरेजात गेली आणि दुसरा जॅक घेऊन आली. अंगणाच्या कडेला जिथं माती अगदी मऊ आहे, तिथं तिनं तो टेकवला.

"गाडी इथं आण," ती म्हणाली. "आणि दाखव मला, कसा लावला होतास."