एकटेपणा टिपायला आलेला

बीडच्या बसस्टँडवर तेलगावच्या गाडीची वाट बघत बसले होते, तवा तो दिसला. तिशीचा असंल. डोक्यावर केसांचा बुचडा, पायात महागाचे बूट. व्हिडिओची कला करतो म्हणे, शहरातल्या जगण्यावर. बोलताना माणसाकडं बघायचाच न्हाई. दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करायचा आन् तिच्यातून बघायचा.

समोर एक बाई टोपलीभर पिकलेली सीताफळं घेऊन बसली होती. असली फळं सांजंपर्यंत खपली तर खपली, न्हाईतर फेकायची. ह्यानं तिच्यावर कॅमेरा लावला आन् गिऱ्हाईकंच हाकलायला लागला.

मला म्हणाला, "आजी, जरा बाजूला व्हा. शहरात माणूस किती एकटा पडतो, ते दाखवायचंय."

बाई म्हणाली, "आरं बाबा, मानसं तूच हुसकून लावलीस की!"

असली कसली कला, जिला माणसांचीच अडचण होती? मी तिच्याशेजारी फतकल मारली, एक सीताफळ फोडलं आन् हाका मारून बायका गोळा केल्या. तो कपाळाला हात लावून चहाला गेला.

परत आला तोवर सगळी फळं खपली होती. बाई पदर झटकत हसत होती. रिकामी टोपली बघून ह्याचा चेहरा खुलला. घाईनं कॅमेरा धरून तिला म्हणाला, "वा मावशी! आता तेवढं हसू नका."