ग्रहणातली काकडी

साखरखेर्ड्याच्या वासंतीबाईंच्या घरी भाजी चिरायचे ते त्यांचे यजमान, भालचंद्र मास्तर. विहंग पोटात असताना वासंतीबाईंनी ग्रहणात काकडी चिरून खाल्ली होती. पुढं पोरगं बोलेना, हाकेला ओ देईना. मग काय, ग्रहण सुटलं, पण सासूच्या तोंडची ती काकडी मरेपर्यंत सुटली नाही. वासंतीबाईंनी विळीला पुन्हा हात लावला नाही, आणि दुसऱ्या लेकराचं नावही काढू दिलं नाही. "माह्या अंगातच खोट हाय," म्हणायच्या.

विहंगला मिसरूड फुटलं, मास्तरांचे केस पिकले. पुण्याच्या डॉक्टर गार्गी ऑटिझमच्या जनुकांवर संशोधन करत होत्या. त्यांनी तिघांचं रक्त तपासायला नेलं होतं. निकाल सांगायला त्या स्वतः घरी आल्या.

"विहंगच्या एका जनुकात बदल आहे. तो तुम्हा दोघांतही नाही. गर्भ राहतानाच आपसूक झालेला. यात कुणाचा दोष नसतो."

"अन् ते ग्रहण?"

"ग्रहणाचा काही संबंध नाही, काकू."

मास्तरांनी डोळे पुसले. वासंतीबाईंचे कोरडेच होते. कोपऱ्यात विहंग पातेल्याचं झाकण जमिनीवर गरगर फिरवत बसला होता.

"म्हंजे दुसरं लेकरू झालं असतं, तर त्याले हे झालं नसतं?"

"पुन्हा असं व्हायची शक्यता फार कमी होती."

वासंतीबाईंनी विहंगकडे बघितलं.

"मंग आमच्या मागं याले जेवू घालाले कोणी राह्यलं असतं," त्या म्हणाल्या.