अक्षताच्या घरची बोली

अक्षता सावंत माझ्या शेजारची. कांजूरमार्गच्या आमच्या बिल्डिंगीत भिंती पातळ, एकाचं दुसऱ्याला ऐकू येतं. ती साकीनाक्याला एका कारखान्यात पॅकिंगचं काम करते. चाळीस वर्षं मी कारखान्यात लेथ मशीनवर उभा राहिलो. कोण अंग चोरतो ते मला लांबून कळतं. ही चोरत नाही.

तिची मुलगी रेवती पाच वर्षांची झाली तरी दोन शब्द जोडत नव्हती. काही झालं की रडायची, ओरबाडायची. कान तपासले, ठीक होते. शाळेतल्या टीचर म्हणाल्या, घरात वेगळी भाषा म्हणून पोर गोंधळते, फक्त इंग्लिश बोला. अक्षताने तो हुकूम मानला. सासूबाई जानकी, सगळा जन्म कुडाळकडे गेलेला, मालवणीशिवाय काही येत नाही. त्यांना तिने गप्प बसवलं. दहा महिने भिंतीपलीकडून नुसतं 'कम', 'सिट', 'ईट' ऐकू यायचं.

एकदा मी म्हटलं, "अगं, कुत्र्याला बोलावल्यासारखं काय ते?"

"काका, मी मेहनतीत कमी पडणार नाही."

पुढे मी बोललो नाही. बोलायला हवं होतं.

मग पालिकेच्या इस्पितळात वाचेवर उपचार करणाऱ्या बाईंनी पोरीला नीट तपासलं. भाषेच्या वाढीतला दोष आहे, दोन भाषांमुळे झालेला नाही, असं सांगितलं.

"तुमची घरची बोली कोणती?"

"मालवणी."

"मग तीच बोला. लहान वाक्य बोला आणि थांबा. तिला वेळ द्या."

घरी येऊन अक्षता सासूसमोर बसली. "आये, माजा चुकला. बोला तिच्याशी."

"माका आता खंय बोलाक येता!" जानकीबाई दोन दिवस रुसल्या. तिसऱ्या दिवशी बांगडे साफ करताना आवाज आला, "रेवती, शेपटी खंय?"

थांबणं सोपं काम नाही. अक्षता बोटांवर दहा मोजायची. नवरा देवेश मध्येच उत्तर देऊन टाकायचा, मग ती त्याच्या तोंडावर हात ठेवायची. कामावरून कितीही दमून आली तरी हे रोज. दीड वर्ष, एक खाडा नाही.

गेल्या महिन्यात रेवती खाली खेळताना गुडघा फोडून आली. मी त्यांच्याकडेच चहा पीत होतो.

"काय झाला गो?" अक्षताने विचारलं.

देवेशने तोंड उघडलं. तिने डोळे वटारले. दहा बोटं संपली, तिने पुन्हा पहिल्यापासून धरली.

"माका... ढकललान."

"कोणी?"

पुन्हा थांबलो.

"धवलान."

धवल तळमजल्यावरचा. जानकीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. देवेश हसत म्हणाला, "सोड गो. पोरांचा चालताच."

अक्षता चपला शोधत होती. "पयल्यांदाच सांगितल्यान तिना. आज सोडलंय तर उद्या कशाक सांगात?"

रेवतीचा हात धरून ती धवलच्या घरी जायला जिना उतरली.