पाड्याचा कुत्रा, मालक नाही

मागच्या आठवड्यात आमचा कुत्र्यांचा निवारा मोबाईलवर गाजला. नातीने जेवताना फोन माझ्या ताटाशेजारी तांब्याला टेकवून उभा केला आणि म्हणाली, "आजी, बघ, तुम्ही सगळे प्रसिद्ध झालात."

समुद्राकाठच्या रिसॉर्टवर सुट्टीला आलेलं एक जोडपं कुत्रा दत्तक घ्यायला निवाऱ्यात आलं होतं. त्यांना नकार मिळाला आणि जाताजाता त्यांनी व्हिडिओ काढला. पत्र्याची शेड, ओळीने पिंजरे, भात आणि सुकटीचा चुरा शिजतो ते मोठं पातेलं. पातेल्यापाशी त्या बाईने ओढणी नाकाला लावली. डहाणूत राहून सुकटीच्या वासाला नाक धरणारं माणूस बघायची माझी ही पहिलीच वेळ, म्हणून मी तेवढा भाग पुन्हा लावायला सांगितला.

नात खालच्या प्रतिक्रिया वाचत होती. "'ही माणसं कुत्र्यांना सोडवत नाहीत, साठवतात.' हे बरं लिहिलंय गं आजी."

"पुढे वाच."

"'कुत्रा मागितला तर सत्तावीस प्रश्नांचा फॉर्म पुढे करतात. मुलगी देतानाही कुणी एवढं विचारत नाही.' मग हा एकजण म्हणतो, 'ज्याने हा फॉर्म बनवला त्यालाच पिंजऱ्यात टाका.'"

"ज्याने नाही, जिने," मी म्हणाले आणि आमटी वाढून घेतली.

फॉर्म माझाच. आठ वर्षांपूर्वी मी शाळेतून निवृत्त झाले, तेव्हा तयार केलेला. अठ्ठावन्न वर्षांची, नुकती निवृत्त झालेली गणिताची शिक्षिका हा फार त्रासदायक प्राणी असतो. तिच्यावर लसही नाही. घरच्यांनी मला घराबाहेर काढायला म्हणून त्या निवाऱ्याचं नाव सुचवलं. बंद पडलेल्या फुग्यांच्या कारखान्याची शेड होती आणि जनावरांची एक डॉक्टरीण ती एकटी चालवत होती. तिथे येणारा कुत्रा कधी आला, कुठून आला, कुणाला दिला, याचा काही पत्ता नसे. मी पहिल्याच दिवशी रजिस्टर आखलं. दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यांना नंबर दिले. तिसऱ्या दिवशी कुत्र्यांना नावं ठेवायची नाहीत असा नियम केला, कारण नाव ठेवायचा हक्क नव्या मालकाचा. डॉक्टरीण बिचारी कामाने इतकी दमलेली असे, की मी कुत्र्यांची तोंडी परीक्षा घ्यायची म्हटलं असतं तरी ती हो म्हणाली असती.

आणि मग फॉर्म. तो उगाच केला नव्हता, एवढं तरी माझ्या बाजूने लिहू द्या. लोक येत ते तऱ्हेतऱ्हेचे. एकाला काळाच कुत्रा हवा होता, ज्योतिष्याने सांगितला म्हणून, आणि साडेसाती संपली की परत आणून देतो असं तो सरळ म्हणाला. एकीला "थोडासा लॅब्रेडॉरसारखा" हवा होता. एका बंगल्यात आम्ही पिल्लू दिलं ते महिन्याभरात परत आलं, का, तर सोफा चावला. असे चार अनुभव आले की मी फॉर्ममध्ये चार प्रश्न वाढवी. घराला कुंपण आहे का? फाटक आहे का? फाटकाला कडी आहे का? कुत्रा आत झोपेल की बाहेर? मला वाटे, प्रश्न पुरेसे झाले की चुकीचं माणूस आपोआप गळून जाईल. आयुष्यभर पोरांना तपासायला शिकवलं होतं, त्याचा हा परिणाम.

सात नंबरचा कुत्रा मी स्वतः आणलेला. तलासरीच्या पुढे, हायवे ओलांडून डोंगराच्या बाजूला आम्ही लसीकरणाला गेलो होतो. परतताना रस्त्याकडेला एक तांबडं, वर्षभराचं कुत्रं लंगडताना दिसलं. मी गाडी थांबवली. गळ्यात पट्टा नव्हता. शेरडं घेऊन चाललेल्या दोन मुलींना विचारलं, "कुणाचा गं हा?"

"पाड्याचा," त्या म्हणाल्या.

"पाड्याचा म्हणजे कुणाच्या घरचा?"

त्यांनी एकमेकींकडे बघितलं आणि पुन्हा सांगितलं, "पाड्याचा."

त्यांनी पूर्ण उत्तर दिलं होतं. तिकडे कुत्रा एकाच्या दारी पेज खातो, दुसऱ्याच्या चुलीच्या राखेत निजतो, तिसऱ्याबरोबर शेतावर जातो. पट्टा बांधायची रीतच नाही, कारण त्याला ओळखत नाही असं कुणी तिथे नसतं. मी डहाणूत जन्मले, तिथेच म्हातारी झाले, आणि मला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं असं म्हणणंही खोटंच. ऐकलं होतं, पण रजिस्टरमध्ये त्याचा रकाना नव्हता. सगळ्यांचा म्हणजे कुणाचाच नाही, असा हिशेब करून मी त्याला उचलून गाडीत घातलं आणि संध्याकाळी सुवाच्य अक्षरात लिहिलं: पाड्याचा कुत्रा, पट्टा नाही, मालक नाही.

पंधरा दिवसांनी एक बाई आली. माझ्याच वयाची असेल, तरी मी तिला मावशी म्हटलं, खुर्चीत बसून म्हणतात तसं. सकाळी निघून, दोन गाड्या बदलून ती पोचली होती. "आमचा कुत्रा इथं आणला, तो न्यायला आले," ती म्हणाली.

मी विचारलं, तुमचाच कशावरून? तिने पिंजऱ्याकडे बोट दाखवलं. आत सात नंबर चारी पायांवर नाचत होता, दुखऱ्या पायासकट. मी म्हणाले, "मावशी, शेपूट काय, तो भाकरीवाल्यालाही हलवतो. शेपूट पुरावा धरता येत नाही." हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की घरी येऊन मी ते जेवताना पुन्हा सांगितलं.

मग मी तिच्यासाठी फॉर्म भरला. मी विचारायची, ती सांगायची. कुंपण? नाही. फाटक? नाही. कुत्रा कुठे झोपेल? त्याला वाटेल तिथं. लसीचं कार्ड? तेही नाही. तिने शांतपणे अंगठा उठवला आणि मी लाल शाईने "नामंजूर" लिहिलं. ती उठली तेव्हा मला थोडं कसंतरी झालं असावं, कारण मी वर म्हणाले, "घराला फाटक करून घ्या, मग या. मग देऊ."

"फाटक केलं की देशील?"

"देऊ की."

ती गेली. पुन्हा आली नाही. मी डॉक्टरणीला म्हणालेसुद्धा, "बघा, खरंच हवा असता तर आली असती."

त्याला आता सात वर्षं झाली. सात नंबर आठ वर्षांचा झाला. पाय बरा झाला, तोंड पांढरं झालं. येणाऱ्या माणसांना पिल्लू हवं असतं. ह्याच्यापुढे कुणी थांबत नाही. डॉक्टरीण दोन महिन्यांपूर्वी म्हणाली होती, "ह्याचं आता इथेच संपणार बाई." मी मान हलवली होती आणि पाण्याचं भांडं भरलं होतं. इतक्या वर्षांत तेवढं करायला शिकले आहे. आता रजिस्टरही मी लिहीत नाही, डोळे दुखतात.

त्या व्हिडिओत शेवटी तोच दिसतो. पिंजऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, वळतो, परत येतो. सहा पावलं आणि वळण. कुणीतरी लिहिलं होतं, याला वेड लागलंय. नातीने फोन खाली ठेवला. "आजी, हा असा का चालतो?"

तिला सांगायला मी जुनी गोष्ट सुरू केली आणि शेपटीच्या वाक्यापाशी आले. सात वर्षांपूर्वी त्यावर सगळे हसले होते. नात हसली नाही. "मग ती बाई कुठे राहते?" तिने विचारलं.

नामंजूर फॉर्म मी फेकलेले नाहीत. सगळे फायलीत, तारखेनुसार. मी फार नीटनेटकी होते, हे कुणी नाकारू शकत नाही.

डॉक्टरीण त्या व्हिडिओनंतर फारशी बोलत नव्हती. मी सांगितलं, सात नंबरला घेऊन जाते, तर म्हणाली, "न्या. पण फॉर्म कोण भरणार?"

"भरलेला आहे. फक्त लाल शाई खोडायची."

नातीने गाडी काढली. कोसबाडवरून तलासरीला आलो, हायवे ओलांडला. कुत्रा मागच्या सीटवर उभाच होता, चालायला जागा नाही म्हणून मान या बाजूला, त्या बाजूला. पाड्यात पोचून मी फॉर्मवरचं नाव विचारलं. एका माणसाने हात वर करून दाखवलं, "ते फाटकवालं घर."

फाटक होतं. बांबूचं, दोन खांबांवर बसवलेलं, तारेची कडी असलेलं. आणि दोन्ही बाजूंना काही नव्हतं. मोकळं अंगण, भाताच्या पेंढ्याचं उडवं, कोंबड्या. शेरडं फाटकाच्या उजवीकडून येत होती, डावीकडून जात होती. बांबू काळा पडला होता, एक कामटी मात्र हिरवट, नवी घातलेली.

ती ओट्यावर वाल सोलत होती. मी ओळख सांगायच्या आधीच म्हणाली, "लिहिणारी बाय ना तू?"

"हो. तुम्ही फाटक केलंत."

"तू बोललीस कर म्हणून. केलं आन आले सांगाया. तुझं बंद होतं. रविवार."

फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, रविवारी बंद. तेही माझ्याच हस्ताक्षरात.

"परत यायचं होतं," मी म्हणाले. बोलून झाल्यावर मला माझाच आवाज ऐकू आला.

"लावणी आली. मंग कापणी," ती म्हणाली. "मंग मी बोलले, बायला नाय द्यायचा." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं पडलं असतं. "फाटक का ठेवलं मग?" नातीने विचारलं, तर म्हातारी तिच्याकडे बघून म्हणाली, "केलेलं मोडाचं कशाला? पोरं झुलतात त्याच्यावर."

नातीने कुत्र्याला खाली उतरवलं. गाडीत येताना मी मनात चित्र काढत आले होते, ओळखेल, धावेल, वगैरे. त्याने तसं काही केलं नाही. अंगणाबाहेर उतरल्या जागी तो चालू लागला. सहा पावलं, वळण, सहा पावलं.

म्हातारीने सूप बाजूला ठेवलं. "ह्याला काय झालं? कशाला बांधलंय?"

"बांधलेलं नाही."

"मंग असा का?"

मी सांगितलं, पिंजरा तेवढा होता. ती म्हणाली, "म्हातारा करून आणलास. डुकरं हाकाया पाहिजे होता तवा ठेवलास. आता मी हाकू का ह्याला?"

मी म्हणाले, "नको असेल तर परत नेते."

"परत कुठं? त्या खोक्यात?"

"हो."

ती गुडघ्यांवर हात टेकून उठली. ओट्यावरून तिने त्याला हाक मारली. नाव नव्हतं ते, तोंडाने काढलेला नुसता आवाज, शेरडांना देतात त्याहून जरा वेगळा. कुत्रा थांबला. कान उभे झाले. पुढे आला आणि फाटकासमोर बसला. दोन्ही बाजूंनी अंगण मोकळं, त्याच्या अंगाला घासून एक शेरडू आत गेलंसुद्धा. हा आपला कडीकडे बघत बसलेला, निवाऱ्यात सकाळी भांडं येईपर्यंत बसायचा तसा.

"येत का नाही?" नात कुजबुजली.

म्हातारीला माझ्याआधी कळलं. ती अंगण ओलांडून आली, तारेची कडी काढली आणि फाटक उघडलं. कुत्रा उठला, मधून आत गेला, तिचा पाय हुंगला आणि चुलीच्या बाजूला निघून गेला. वाटेत एकदा सहा पावलांवर अडखळला. मग पुढे गेला.

"पेज खाईल ना?" तिने विचारलं.

"सुकटीभात खातो."

"सुकट नाय रोज. पेज खाईल."

मी पिशवीतून फॉर्म काढला होता, सही घ्यायला. सवय. तिने तो हातात घेतला, उलटासुलटा बघितला आणि वालाच्या टरफलांखाली सुपात घातला. मी मागितला नाही.

निघताना तिच्याशी बोलत बोलत मी चालत होते. नात बाजूने कधीच गाडीपाशी पोचली होती. मी मात्र फाटकापाशी येऊन उभी राहिले, आणि म्हातारीने कडी काढेपर्यंत तशीच उभी होते.