वामनभाऊंची रविवारची तपासणी

वामनभाऊ गेले, त्याच्या चार दिवस आधी मी त्यांना दवाखान्यात भेटायला गेले होते. दुपारची वेळ. नाकाला नळी, दोन शब्दांनंतर धाप... आणि तशातही ते दवाखान्यानं दिलेला सदरा दोन बोटांत धरून मला त्याची शिवण दाखवत होते. "टाका पाहा, बाई. पोतं शिवल्यावानी शिवला." मी हसले. मग ते जरा गंभीर झाले. जानेवारीत आमचा चौदा जणांचा गट कोकणात जायचा होता, समुद्राकाठच्या जंगलातल्या सोप्या पायवाटा चालायला. तिकिटं केव्हाच काढून झाली होती. "यावेळी तुम्ही न्या सगळ्यायले," ते म्हणाले. मी म्हटलं, "भाऊ, माझ्याच्यानं नाही होणार. मला कुणाला बोलता येत नाही." त्यांनी सदऱ्याची शिवण सोडून दिली. "पाण्याच्या बाटल्या दोन-दोन सांगजा," एवढंच म्हणाले. मी थोडी बसले, आणलेली केळी टेबलावर ठेवली आणि निघाले. माणूस जाणार हे मला दिसत होतं, तरी मी त्याला नाही म्हणून आले. गेले तीन आठवडे हे मला खातं आहे.

वामनभाऊंचं नागपुरात सक्करदऱ्याला शिलाईचं दुकान होतं. घराणं मात्र विणकरांचं. वडील मूळचे उमरेडचे, त्यांचं सारं आयुष्य हातमागावर गेलं. मागाचे दिवस संपत आले तेव्हा मुलानं शिलाई मशीन घेतली. मी हुडकेश्वरला राहते, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. ब्लाऊज शिवायला म्हणून त्यांच्या दुकानात गेले आणि माप देता देता त्यांच्या गटात सामील झाले! त्यांनी स्वतः समुद्र पाहिला तो पन्नाशीत, कोकणात कुणाच्या तरी लग्नाला गेले होते तेव्हा. लग्न राहिलं बाजूला, हे गृहस्थ गावकऱ्यांबरोबर किनाऱ्यामागच्या रानात दोन तास फिरून आले. वर गर्द झाडी, खाली लाटांचा आवाज, आणि वाट इतकी सोपी की साठीचा माणूसही सहज चालेल. "नागपूरच्या माणसानं वाघ पाहिलेला रायते," ते सांगायचे, "पण जंगलात उभं राहून समुद्र ऐकला नसते." त्यानंतर दर हिवाळ्यात ते आपल्या गिऱ्हाइकांना घेऊन निघू लागले. कुणाला चढण सोसत नाही, कुणाची गुडघेदुखी, कुणी आयुष्यात गाव सोडलेलं नाही, असेच आम्ही सगळे.

पहिल्या सहलीत त्यांची जी फजिती झाली ती त्यांनी कधी लपवली नाही, उलट प्रत्येक नव्या माणसाला स्वतःहून सांगितली. विणकराचा मुलगा, त्यामुळे कापडाचा अभिमान भारी. आम्हा सगळ्यांसाठी त्यांनी हातमागाच्या जाड सुताचे सदरे स्वतः शिवले. आम्हीही खूश. उन्हाळ्यात अंगात सुती आणि डोक्याला ओला दुपट्टा, यावर तर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तगलो आहोत. त्यात जानेवारी म्हणून प्रत्येकानं एकेक स्वेटर घेतलेला. पण नागपुरात घाम येतो आणि वाळून जातो, अंगावर मीठ तेवढं राहतं. कोकणात घाम येतो आणि मुक्कामाला थांबतो. तासाभरात ते सदरे ओल्या गोधडीसारखे जड झाले. काखा, मांड्या सोलवटल्या. संध्याकाळी दोरीवर टाकलेले कपडे सकाळीही ओलेच, तेच पुन्हा अंगात चढवले आणि तिसऱ्या दिवशी मला सणसणून ताप भरला. वामनभाऊ त्या संध्याकाळी दोरीवरचा एकेक सदरा चाचपत फिरत होते. मग माझ्या खाटेपाशी येऊन म्हणाले, "चूक माही आहे, बाई. मले कपडा समजते म्हणून मिरवलो. मले फक्त नागपूरचा कपडा समजते."

परत आल्यावर त्यांनी लकडगंजची कापडाची दुकानं पालथी घातली. कपडा भिजवून, पिळून, दमट न्हाणीघरात टांगून किती वेळात वाळतो ते पाहायचे. शेवटी एक पातळ, हलकं, मिश्र धाग्याचं कापड सापडलं. ते घरी आणलं तर म्हातारे वडील चिडले. "काहून गा, सुतानं तुह्यं काय वाईट केलं?" वामनभाऊ म्हणाले, "काही नाही केलं, बाबा. तिथं वाळत नाही." म्हातारा दोन दिवस मुलाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी ते कापड हातात घेऊन, चुरगळून पाहून म्हणाला, "याले जीव नाही. पण भार बी नाही." हे सांगताना वामनभाऊंचे डोळे दर वेळी भरून यायचे. बापाचा धंदा ज्या कापडानं बुडवला तेच कापड चार माणसांच्या सुखासाठी घरात आणायचं, याला मोठं मन लागतं. मला तरी त्यांच्याइतकं मोठं मन फार ठिकाणी दिसलं नाही.

तपासणी सुरू झाली ती तेव्हापासून. निघण्याआधीच्या रविवारी सकाळी सगळ्यांनी सक्करदरा तलावावर जमायचं. अंगात तेच कपडे, पायात तेच बूट, पाठीवर भरलेली सॅक, जशी जंगलात न्यायची अगदी तशी. आधी तलावाला फेरी आणि मग वामनभाऊ एकेकाची सॅक उघडायचे. पूर्ण बाह्या, फिका रंग, म्हणजे अंगावर गोचीड चढला तर दिसतो. पँटचा पाय मोज्यात खोचलेला. कोरडे मोजे आणि एक सदरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. लिंबू, मीठ, साखर. सकाळचं चालणं असलं तरी टॉर्च हवाच, कारण झाडी दाट असली की आत संध्याकाळ लवकर होते. आणि दोन बाटल्या पाणी, "समुद्र बाजूला आहे म्हणून तहान कमी लागत नाही." लकडगंजचे एक किराणा व्यापारी एकदा कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीचा डबा, छत्री आणि कपड्यांची इस्त्री घेऊन आले होते. वामनभाऊंनी इस्त्री काढून शांतपणे त्यांच्या हातात दिली. "शेठ, माकडं कडक इस्त्री पाहत नाहीत." सांबारवडी मात्र तिथंच, तलावावर, सगळ्यांनी मिळून संपवली.

पुढे पुढे बायकांच्या सॅक तपासायचं काम माझ्याकडे आलं. तीन वर्षांपूर्वी एक तरुण मुलगी कोरे करकरीत बूट घालून आली. नवे बूट न्यायचे नाहीत, महिनाभर पायात मुरवलेलेच न्यायचे, हा नियम मला पाठ होता. पण ती इतक्या हौसेनं बूट दाखवत होती की मी "छान आहेत" म्हणाले आणि गप्प बसले. माझा स्वभावच तसा भिडस्त. चाळीस वर्षं वर्गात मुलांना बोलले, पण मोठ्या माणसाला कधी एका शब्दानं टोकता आलं नाही. जंगलात दुसऱ्या तासाला त्या मुलीच्या दोन्ही टाचा फुटल्या, मोजे रक्तानं चिकटले. वामनभाऊंनी तिची सॅक स्वतःच्या छातीवर अडकवली, स्वतः कायम चपलांवरच चालायचे, त्या चपला तिला दिल्या आणि उरलेली वाट अनवाणी चालले. मुक्कामी पोचल्यावर, चहा पिता पिता त्यांनी मला हळूच विचारलं, "बूट दिसले होते ना तुमाले?" मी मान हलवली. "मंग?" मी म्हटलं, "तिनं हौसेनं घेतले होते, भाऊ..." ते रागावले नाहीत. "तुम्ही तिले वाईट वाटू नाही म्हणून चूप राहिल्या. आता ती रडून राहिली." एवढं बोलून ते तिच्या टाचांना मलम लावायला गेले. आणि तरी त्याच माणसानं, शेवटी दवाखान्यात, गट न्यायला मलाच सांगितलं होतं.

ते गेल्यावर मी सहल रद्द करायचीच असं ठरवलं. तसं सगळ्यांना कळवणार तेवढ्यात त्यांच्या पत्नीचा, इंदूवहिनींचा फोन आला. "रविवारी तपासणी आहे ना, बाई? मी बी येऊन राहिली. त्यायच्या तिकिटावर नाव बदलते म्हणे घरच्या माणसाचं." वहिनी आजवर एकदाही आल्या नव्हत्या. आधी सासऱ्यांचं आजारपण, नंतर दुकान कोण बघणार म्हणून. आता त्यांना नाही कोण म्हणणार? आणि त्यांना नाही म्हणता येत नाही, म्हणजे सहलही रद्द करता येत नाही.

रविवारी सगळे वेळेवर आले. फेरी झाली. मी सॅक उघडत गेले, काय काय बोलले ते मला आठवतही नाही. रांगेच्या शेवटी वहिनी उभ्या होत्या. सॅक अगदी शिस्तीत भरलेली, लिंबूसुद्धा धुऊन पुसून घेतलेलं. पण नेसल्या होत्या मातकट रंगाचं जाड सुती पातळ. काठ बघूनच मी ओळखलं, सासऱ्यांच्या हातमागावरचं. नवरा जाऊन महिनाही झाला नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते. चांगलं आहे म्हणावं आणि पुढे जावं... पण मग जंगलात ते पातळ भिजणार, पायात अडकणार, आणि तिथं अनवाणी चालायला वामनभाऊ नसणार.

"वहिनी," मी म्हटलं, "हे चालणार नाही. सुती आहे. बदलावं लागेल."

वहिनींनी पदर हातात घेतला, काठावरून एकदा अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"पँट-सदरा शिवून ठेवला आहे मी, त्यायच्याच मशीनवर," त्या म्हणाल्या. "हे मुद्दाम नेसून आली. म्हटलं पाहावं, बाई बोलते का नाही." मग डोळे पुसून त्या हसल्या. "आपल्याच बापाच्या हातचं पातळ बदल म्हणून मले सांगणं त्यायच्यानंही झालं नसतं."