थोरलीच्या वाटणीची बिअर

दोन्या सातुर्निनाच्या, म्हणजे सातूबाईच्या, घरात एक नियम आहे आणि तो मोडायची कुणाची टाप नाही. जी वस्तू घराला जेवू घालते, तिला वर्षातून एकदा पाजायचं. कार्निव्हलच्या मंगळवारी आमचा सगळा रिओ सेको मोहल्ला घरादाराची, गाड्यांची, दुकानांची चाल्या करतो, म्हणजे धरणीमायेला तिचा घोट देतो. बाकीचे लोक चार कोपऱ्यांत चार थेंब शिंपडतात आणि उरलेली बाटली स्वतः रिचवतात. दोन्या सातूचा हात मात्र सढळ. चाळीस वर्षं तिचं शिवणयंत्र दर कार्निव्हलला बिअर पीत आलं, इस्त्री प्यायली, कात्री प्यायली, आणि एकानेही कधी कुरकुर केली नाही. त्या यंत्रावर शिवलेले घेरदार पोयेरे घालून अर्ध्या गल्लीतल्या बायका आजही नाचतात.

सेनोबिया तार्की ही तिची एकुलती एक मुलगी. छत्तीस वर्षांची, बुटकी, बोलायला फटकळ, आणि कुठल्याही यंत्राचं झाकण उघडं दिसलं की तिथेच बसकण मारणारी. वडील गेले तेव्हा ती विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होती. शिवणाचं काम तुंबलं होतं, आईला दोन हात कमी पडत होते. सेनोबियाने वह्या फळीवर ठेवल्या आणि ती काजं-बटणं करायला बसली. पुढे अकरा वर्षं कोपऱ्यावरच्या इंटरनेट कॅफेत राबली. तिथली सगळी यंत्रं तीच सांभाळायची, पण गल्लीच्या लेखी ती 'प्रिंटरवाली', आणि मरेपर्यंत प्रिंटरवालीच राहणार अशी चिन्हं होती. मग कॅफेच बंद पडलं. दुसरी कुणी असती तर तोंडाला पदर लावून बसली असती. ही म्हणाली, "बरं झालं, त्या खुर्चीने माझी कंबर मोडली होती," आणि घरातच लॅब मांडायला लागली.

कुठल्याशा ऑफिसने टाकून दिलेले दोन मोठे संगणक तिने गुरुवारच्या बाजारातून पाठीवर बांधून आणले. एकाचं नाव थोरली, दुसऱ्याचं धाकटी. शिवाय एक छोटी पेटी, तिचं नाव कोठी, कारण सगळा माल तिच्यात साठवलेला. कापडाचे तागे ठेवायच्या लोखंडी मांडणीवर तिघींची स्थापना झाली. दोन्या सातूने कमरेवर हात ठेवून सगळं नीट न्याहाळलं.

"दोन-तीनच तर दिसताहेत," ती म्हणाली. "तू पाच संगणक म्हणत होतीस ना?"

"पाच आत आहेत, आई. थोरलीच्या पोटात. त्यांना अंग नाही, नुसतं काम आहे. एक दूध नोंदवतो, एक पत्रं पोचवतो, एक दारावर बसून कोण आत येतंय ते बघतो…"

"म्हणजे देह एक आणि जीव पाच."

"तसंच धर."

"आणि देह मेला तर?"

"तर पाचही जीव उठून धाकटीच्या देहात जाऊन बसतात. दोन मिनिटांत."

आईने छातीवर क्रॉस केला. "असली थेरं जिवंतपणी करू नयेत गं बाई," ती पुटपुटली, आणि तरी रोज सकाळी मांडणी पुसून काढायला लागली.

एक अडचण मात्र भलतीच निघाली. आमच्याकडे चार हजार मीटर उंचीवर हवा विरळ. खालून आलेल्या पाहुण्यांना जिना चढताना धाप लागते, तशी यंत्रांनाही लागते. खाली सांताक्रूझमध्ये जो पंखा यंत्राला गार ठेवतो, तोच इथे नुसता बोंबलतो आणि यंत्र आतून तापतच राहतं. सेनोबियाने दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी तिने दोघींची झाकणंच काढून टाकली, दोघींना पोट वर करून आडवं निजवलं आणि वरून आणखी पंखे लावले. यंत्रं गार पडली. ही युक्ती कुठल्या पुस्तकात नव्हती, तिच्या स्वतःच्या डोक्यातली होती, आणि तिला तिचा केवढा अभिमान! येणाऱ्या-जाणाऱ्याला उघडी पोटं दाखवत सुटली होती.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर सरोवराकाठच्या गवळ्यांच्या सहकारी संस्थेला यंत्रखोली सांभाळायला माणूस हवा होता. संस्थेचे इंजिनिअर ओर्लांदो अरामायो फोनवर म्हणाले, "पदवी नाही म्हणताय?"

"पदवी नाही. यंत्रं आहेत."

ते म्हणाले, "ठीक. यंत्रंच बघतो. कार्निव्हलनंतरच्या बुधवारी दहा वाजता तुमच्या घरी येतो. तासभर मी तुमच्या लॅबवर काम करीन. मग तुम्ही एक यंत्र पाडून दाखवायचं आणि माझं काम थांबता कामा नये. गुरुवारी आम्ही नाव ठरवणार, तेव्हा दुसरी तारीख मागू नका."

सेनोबियाने थोरलीची तार आधीच वीसेक वेळा उपटून पाहिली होती. दर वेळी पाचही जीव मुकाट धाकटीत जाऊन बसले होते. तिला भीती अशी नव्हतीच. "बुधवारी मी प्रिंटरवाली नसेन," तिने आईला सांगून टाकलं.

मंगळवारी दुपारी गल्लीत फटाक्यांचा नुसता धुरळा. पुचेरो, म्हणजे कार्निव्हलचं मांस-भाज्यांचं कालवण, शिजत होतं, दाराला रंगीत कागदी फिती लागल्या होत्या. सेनोबिया अंगणात फटाक्यांची माळ बांधायला निघाली आणि दारातून वळून म्हणाली, "आई, त्या खोलीत फक्त कोपऱ्यात हं. चार कोपरे, चार थेंब."

"हो गं हो. चाल्या काय मी आज शिकतेय?"

माळ बांधून होते न होते तोच सेनोबियाला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. फटाके वाजतच होते, पण घरातून येणारी पंख्यांची घरघर एकाएकी निम्मी झाली होती. ती धावत आत आली. आई बाटली हातात धरून भिंतीला टेकून उभी. थोरलीच्या उघड्या पोटात बिअरचा फेस बसत होता, वर चाल्यात उधळायच्या कागदी टिकल्या तरंगत होत्या, आणि जळक्या वासाने खोली भरली होती. सेनोबियाने आधी तार उपटली, मग आईचे हात उलटेपालटे करून पाहिले. आईला काही झालं नव्हतं. मग तिच्या तोंडाचा जो पट्टा सुटला तो सुटला.

"कोपऱ्यात म्हटलं होतं! चार थेंब म्हटलं होतं! सगळं आयुष्य तुझ्या यंत्रापाशी काढलं मी, तुझी काजं केली, तुझी बटणं लावली. हे एक माझं होतं, आई. हे एकच माझं होतं!"

दोन्या सातू या घरात कुणाचं ऐकून घेत नाही. त्या दिवशी तिने ऐकून घेतलं. बाटली खाली ठेवली आणि चौरंगावर बसली.

सेनोबियाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिने बाहीने पुसलं आणि सवयीने फोन काढला. दूध नोंदवायचं पान उघडेना. तिने परत बोट लावलं. नाही. तार हाताने उपटणं वेगळं, आणि यंत्र असं धुमसून मरणं वेगळं. मरता मरता थोरलीने कोठीतही घाण केली असेल तर सगळाच बोजवारा. तिसऱ्यांदा बोट लावलं आणि पान उघडलं. मग पत्रं पोचवणारा उठला, मग दारावरचा, मग उरलेले दोघे. धाकटीचे पंखे मोठ्याने घोंघावायला लागले.

"आले," सेनोबिया म्हणाली आणि हसायलाच लागली. "आई, पाचही आले!"

आई हसली नाही. "उद्या साहेबांना नको म्हण," ती म्हणाली. "सांग, आई वेडी आहे."

"वेडी तर आहेसच. पण बाजार गुरुवारचा, दुसरी थोरली बुधवारच्या आत मिळायची नाही. आणि बुधवार काही मी बदलणार नाही. धाकटी ओढेल. ओढलंच पाहिजे."

पाच जणांचं ओझं एकट्या धाकटीवर, त्यात हवा ही अशी. तिला गार ठेवायला सेनोबियाने खिडकी सताड उघडली. संध्याकाळी गारा पडल्या, खोलीचा बर्फ झाला, तरी दोन्या सातू दोन शाली पांघरून त्या खिडकीशी बसून राहिली आणि वाऱ्याने झडप मिटू लागली की पायाने परत उघडत राहिली. सेनोबियाने पुचेरोचं ताट तिच्या मांडीवर ठेवलं. पोटात राग होताच, पण उपाशी ठेवण्याइतका नव्हता.

बुधवारी ठीक दहाला इंजिनिअर अरामायो आले. उंच, सावकाश बोलणारे, मिशीत पांढरे केस. बाहेरच्या खोलीत कापड बेतायच्या टेबलावर त्यांनी आपला लॅपटॉप मांडला. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं, कारण पंख्यांच्या आवाजात बोलणं ऐकू येईना. दोन्या सातूने प्यायला जांभळ्या मक्याचं गरम गरम आपी आणून ठेवलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. साहेबांनी तासभर छळलं. दूध नोंदवलं, चुकीचे पासवर्ड मारले, एक अख्खा दिवस पुसून टाकला आणि म्हणाले, "परत आणा." सेनोबियाने आणला. मग त्यांनी एकदम पन्नास माणसं आत शिरताहेत असा देखावा केला. दारावरच्याने पन्नासही जणांना रांगेत आत घेतलं.

"वा," साहेब म्हणाले आणि खुर्ची मागे सरकवून बसले. "आता पाडा बघू एक यंत्र."

सेनोबियाने रात्रीच मनाशी ठरवलं होतं की स्वतःहून रडगाणं गायचं नाही आणि विचारलं तर खोटं बोलायचं नाही.

"पाडता येणार नाही, साहेब."

"का बरं?"

"पाडून झालंय. काल दुपारी. तुम्ही आल्यापासून एकाच यंत्रावर काम करताय."

साहेब उठले, दार उघडून आत गेले. थोरली तशीच पडली होती, पोटात टिकल्या चिकटलेल्या, गळ्यात कागदी फिती, खोलीभर बिअरचा वास. साहेबांनी वाकून पाहिलं. बोटाने एक टिकली उचलली.

"चालू असताना ओतली?"

"चालू असताना."

"आणि आता ही दुसरी गेली तर?"

"तर सगळं बंद. खोटं सांगत नाही. पण सगळ्याची नक्कल काल रात्रीची आहे, एक कोठीत, एक मावशीच्या घरी. तुमचा लॅपटॉप द्या, पाऊण तासात त्याच्यावर उभं करून दाखवते."

एवढ्यात दोन्या सातूला राहवलं नाही. हात पुसत ती मध्येच आली आणि साहेबांसमोर उभी राहिली.

"तिची काही चूक नाही, साहेब. मी ओतली. तिने कोपऱ्यात सांगितलं होतं, माझ्या जिवाला कोपऱ्यातली पुरेना. हिचे वडील गेले तेव्हा पुस्तकावरून हिला उठवली ती मीच. म्हटलं, या वेळी धरणीमायेला कमी पडायला नको. पोरीचं काम तेवढं होऊ दे, म्हणून ओतली. काय बोलायचं ते मला बोला."

सेनोबिया बघतच राहिली. इतक्या वर्षांत हे आईच्या तोंडून तिने कधी ऐकलं नव्हतं. आदल्या दिवशीचं स्वतःचं बोलणं तिचं तिलाच बोचलं.

साहेबांनी टिकली परत थोरलीवर ठेवली. "बाई, मी आठ लॅब बघितल्या," ते दोन्या सातूला म्हणाले. "आठही जणांनी हात धुऊन, तयारी करून, यंत्राला जणू आधी सांगून तार काढली. तसं कुणाचंही चालतं. आमच्याकडे यंत्र मरतं ते न सांगता मरतं. गेल्या वर्षी छप्पर गळालं आणि दोन दिवस गवळी कॅन घेऊन दारात उभे होते." मग सेनोबियाकडे वळले. "पाऊण तास म्हणालात ना? हा घ्या लॅपटॉप."

तिला बत्तीस मिनिटं लागली. साहेबांनी उरलेलं आपी संपवलं, लॅपटॉप मिटला आणि म्हणाले, "गुरुवारपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. सोमवारी आठ वाजता या. आणि झाकणं उघडी टाकायची ती युक्ती तिथे नको. आमच्याकडे पण चाल्या होते."

दार लागल्यावर दोन्या सातूने नाक ओढलं, शाल सावरली आणि लेकीकडे पाहिलं.

"बघ," ती म्हणाली. "धरणीमाय प्यायली ना?"

सेनोबियाला धाकटी, कोठी, नकला, सगळं समजावून सांगता आलं असतं. पण बिअर पडली नसती तर साहेबांना नववी धुतल्या हाताची लॅब दिसली असती, हे काही तिला खोटं म्हणता येईना. तिने आईला मिठी मारली, घट्ट, आईचा श्वास अडकेपर्यंत.

मंगळवारची बाटली मांडणीखाली तशीच होती, तळाला चार बोटं बिअर. सेनोबियाने ती उचलली. थोडी उंबऱ्याशी जमिनीवर ओतली आणि उरलेली सगळी, एक थेंबही न राखता, थोरलीवर.