बुर्जी

आष्ट्याला मुलगी बघायला गेलो आणि जेवणं व्हायच्या आत मी तिच्या वडिलांना चारचौघांत उघडं केलं.

(गैरसमज नको. पटावर! पण त्या काळी आष्ट्यात हा फरक कुणी फारसा करत नसे.)

बेलबॉटम तेव्हा नुकती पाटणपर्यंत पोचली होती आणि ती माझ्या पायांत होती. पाटणच्या शाळेत मी भूगोल शिकवत होतो. बरोबर मामा होते. फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. त्यामुळं ते मीठ मागायचे तेसुद्धा हुकूम सोडल्यासारखं.

मुलगी, म्हणजे सुमन, पोहे घेऊन आली. रीतीप्रमाणं प्रश्न मी विचारायचे. पण तिनंच विचारलं, "पाटणला पाऊस लय असतोय म्हणं. मग कपडे वाळत कुठं घालता?"

इतकी वर्षं मी मान्सून शिकवत होतो, पण पावसाबद्दल इतका कामाचा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी तिथंच खलास झालो. लग्न करीन तर हिच्याशीच!

तिचे वडील तात्या. ऊसवाले, मिशा उसाच्या पाल्यासारख्या. त्यांनी पगार विचारला नाही, पत्रिका मागितली नाही.

"बुद्धिबळ येतं का?"

"येतं की! पुण्याला होस्टेलवर चॅम्पियन होतो." (पट एक होता आणि खेळणारे दोघं. त्यातला एक मी.)

तात्यांच्या घराचा सोपा, म्हणजे पुढची ओसरी, हा गावातल्या पट खेळणाऱ्यांचा अड्डा. खेळ देशी पद्धतीचा, आणि पंच आप्पा. आप्पा जैन, पेंडीचे व्यापारी, अड्ड्यातले सगळ्यांत वडीलधारे. ते म्हणाले, "पाव्हणं, रीत अशी हाय की नव्या माणसानं आधी म्हैनाभर नुस्तं बघायचं. पर तुमाला म्हैनाभर ठिवून घेणं बरं दिसायचं न्हाई. बसा."

मी बसलो आणि झोकात प्यादं दोन घरं पुढं सारलं.

सोप्यात कुजबुज उठली. तात्या म्हणाले, "उडी मारतंय व्हय? टोळ हाय का काय?"

"एक घर, गड्या," आप्पा समजावत म्हणाले. "चालत आलंय ते. यष्टीनं न्हाई."

थोड्या वेळानं राजा सुरक्षित करावा म्हणून मी पुण्याच्या पद्धतीनं राजा आणि हत्ती एका खेळीत हलवले. आता मात्र तात्या निम्मे उठलेच. "आवं, दोघं एकदम कुठं निघाली? कुणाची वरात हाय?"

मी दोघांना परत जागेवर बसवलं. घाम फुटला होता. काहीतरी करून दाखवणं भागच होतं! तेवढ्यात तात्यांचा उंट तोंडाशी आला. मी ओरडलो, "मारला उंट!"

आप्पांनी डोळे मिटले. "मी बसलोय तितं जीव मारायचा न्हाई. 'घेतला' म्हणा."

मागून मामा गरजले, "शाबास! कापून काढ! एक भी बचना नहीं चाहिए!"

"बघ्यानं तोंड उघडायचं न्हाई," आप्पा म्हणाले.

"मैं बघ्या नहीं, मामा हूँ!"

मी सुधारलो. अत्यंत नम्रपणे घेत सुटलो. घोडा घेतला, वजीर घेतला, हत्ती घेतले, झाडून सगळी प्यादी घेतली. शेवटी पटावर तात्यांचा राजा एकटाच उरला, आंघोळीला निघाल्यासारखा. मी अभिमानानं स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. दारात सुमन उभी होती. तिनं कपाळाला हात लावला होता!

आप्पा हळू आवाजात म्हणाले, "बुर्जी."

"न्हाई, न्हाई," मामा म्हणाले, "पोहे आत्ताच झाले. भुर्जी कशाला? ... बरं, अगदीच आग्रह असंल तर दोन अंड्यांची करा."

अंड्याचं नाव ऐकताच आप्पा उठले. गोल फिरले. पुन्हा बसले.

मग मला कळलं. समोरच्याजवळ एखादं तरी मोहरं ठेवूनच मात द्यायची असते. सगळं ओरबाडून राजा एकटा केला की ती बुर्जी! डाव फुकट जातो, आणि अब्रू जाते ती घेणाऱ्याची.

तात्या माझ्याशी बोललेच नाहीत. आप्पांना म्हणाले, "जो गडी समोरच्याच्या अंगावर चिंधी ठिवत न्हाई, त्याच्या घरात पोरगी कशी द्यायची?"

मी घेतलेली सगळी मोहरी गुपचूप तात्यांच्या बाजूला सरकवली.

"तात्या," आप्पा म्हणाले, "पोरगं हावरट न्हाई. नुस्तं अडाणी हाय."

मी जोरजोरात मान हलवली. इतक्या मनापासून मी कुठल्याच पदवीला होकार दिला नव्हता.

"आणि एक डाव खेळा," आप्पांनी निकाल दिला.

मामा कानात म्हणाले, "अब सरेंडर!" आयुष्यात पहिल्यांदाच आमचं एकमत झालं. हरायचं! असं हरायचं की सासऱ्यांना गहिवरून यावं!

मी वजीर दिला. हत्ती दिले. पानसुपारीसारखं सगळं त्यांच्यापुढं सरकवत गेलो. तात्याही खुशीत घेत गेले. घेता घेता एकदम थबकले. माझ्याकडं राजा आणि एक प्यादं, एवढंच उरलं होतं.

हरायच्या नादात बुर्जीचं मला भानच नव्हतं. मी प्यादं त्यांच्या घोड्यापुढं नेलं. "घ्या की तात्या."

"न्हाई." घोडा बाजूला झाला.

मी प्यादं उंटापुढं नेलं. "घ्या हो, संकोच कसला?"

"आरं न्हाई म्हणतोय न्हवं!" उंट पळाला.

बाजारात वळू सुटावा आणि माणसांनी भिंतीला चिकटावं, तशी तात्यांची अख्खी फौज त्या एका प्याद्यापासून अंग चोरत त्यांच्याच राजाभोवती कोपऱ्यात गोळा झाली. मी प्यादं आणखी एक घर सारलं.

आप्पा पटावर वाकले. "तात्या... शह हाय."

राजाला हलायला घर नव्हतं. सगळीकडं त्याचीच माणसं! प्यादं घ्यावं तर बुर्जी, न घ्यावं तर मात. आणि तीही प्यादेमात, म्हणजे त्या अड्ड्यात सगळ्यांत मानाची! तात्यांचा हात प्याद्याकडं गेला. तिथून मिशीकडं गेला, मिशी पिळून परत आला.

मग त्यांनी स्वतःच्या हातानं आपला राजा आडवा केला.

"आमच्याच रीतीच्या दाव्यानं आमाला खुट्याला बांधलं की रं! आप्पा, आसला डोकेबाज जावई अख्ख्या वाळवा तालुक्यात घावायचा न्हाई. सुमे, साखर आण!"

"मीच तयार केलाय!" मामा म्हणाले.

पुढं कित्येक वर्षं तात्या कडेगावपर्यंतचे खेळाडू माझ्यापुढं आणून बसवायचे आणि पट दिसला की माझं डोकं दुखायचं. "बुद्धीचा ताप हाय तो," तात्या अभिमानानं सांगायचे.

लग्नानंतर पाटणला जाताना यष्टीत सुमननं विचारलं, "खरं सांगा, तो डाव तुमाला आधीपासनं दिसत हुता?"

मी बेलबॉटमची घडी सारखी केली. "दिसत होता म्हणजे? पहिल्या खेळीपासून!"

"आसं व्हय," ती म्हणाली. "मग ते शेवटचं प्यादं सारताना डोळं गच्च मिटून 'देवा, आता तरी घे म्हणावं म्हाताऱ्याला' आसं कोण म्हणत हुतं?"